पाद्री सोलेर आणि ट्रंकेतल्या वह्या

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा, भजनाला पेटी वाजवतो, आणि आजवर चर्चच्या संगीताशी माझा संबंध म्हणजे फेस्ताच्या दिवशी मित्राच्या घरी जेवायला जाणं एवढाच. पण गेल्या महिन्यात त्याच मित्रानं, तो कोरात व्हायोलिन वाजवतो, मला जुन्या गोव्यात एका छोट्या प्रोग्रामला ओढून नेलं आणि तिथं पियानोवर एक तुकडा ऐकला, ऐकून मी मित्राला म्हटलं अरे हा तर लेहरा आहे, तबल्याच्या साथीला पेटीवर तेच ते फिरवून वाजवतो तो! तो हसला. निवेदन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की हे पाद्री सोलेर नावाच्या पोर्तुगीज संगीतकाराचं, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरातल्या बातमीतही तेच छापून आलं. म्हणून हे पत्र. म्हणजे चूक दाखवायला सुरवात केली होती, मग वाचत गेलो आणि पत्र भलतीकडेच गेलं, सांभाळून घ्या.

तर पहिलं, सोलेर पोर्तुगीज नव्हे. आन्तोनियो सोलेर, जन्म १७२९, गाव ओलोत, स्पेनमधल्या कातालोनियात. बाप पलटणीच्या बँडमधला वादक. आणि आपण गोव्यात ज्याला पाद्री म्हणतो, वाड्यावर येणारा, लग्न लावणारा, स्कूटरवरून फिरणारा, तसाही तो नव्हता, तो मठात राहणारा साधू, सान हेरोनिमो पंथाचा. हा पंथ स्पेन-पोर्तुगालचाच म्हणा. लिस्बनला ज्या मठात वास्को द गामाची समाधी आहे तो जेरोनिमोस मठ याच पंथाचा, त्यामुळे 'पोर्तुगीज' म्हणणाऱ्यांचा घोटाळा कुठून होतो ते कळतं.

सहा-सात वर्षांचा असताना त्याला मोन्सेरातच्या मठात गायनशाळेत टाकलं. डोंगरावरचा मठ, तिथं काळ्या मारियेची मूर्ती, लोक पायी दर्शनाला जातात, पोरं रोज तिच्यापुढं गातात. आपल्याकडे गुरूच्या घरी पोर ठेवायचे तसंच हे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मराठे बारदेश-साष्टीत उतरले ते साल १७३९, तेव्हा हा नऊ वर्षांचा पोरगा तिथं ऑर्गनवर बोटं फिरवत असणार. मला अशी सालं जुळवायची खोड आहे, बायको वैतागते.

पुढं १७५२ मधे तो एल एस्कोरियालला गेला, माद्रिदजवळच्या त्या अवाढव्य वाड्यात, मठात, जे काय म्हणाल ते, कारण तिथं राजवाडा, मठ, लायब्ररी आणि राजांच्या कबरी सगळं एकाच छपराखाली आहे. तो बांधला दुसऱ्या फिलिपनं, १५६३ ते १५८४. आणि हा फिलिप १५८० नंतर पोर्तुगालचाही राजा झाला होता, म्हणजे एस्कोरियालचे शेवटचे दगड बसत होते तेव्हा आपला गोवाही त्याच्याच नावावर. असो. सोलेरनं १७५३ मधे दीक्षा घेतली, १७५७ मधे तिथला संगीतप्रमुख झाला, आणि मरेपर्यंत, म्हणजे २० डिसेंबर १७८३, वय ५४, तिथंच राहिला. एकतीस वर्षं एकाच जागी!

आता कोणी म्हणेल एका जागी बसून काय करत होता. त्या पंथात दिवसरात्र ठरलेल्या वेळेला प्रार्थना गाव्या लागतात, वास्कोचा दामोदर सप्ताह आहे ना, तसा भजनाचा पार घ्यायचा, पण वर्षाचे बारा महिने. ते सांभाळून हा पोरांना शिकवायचा, ऑर्गन वाजवायचा, नाताळाला आणि सणासुदीला गायची विलान्सिको नावाची गाणी लिहायचा, ती शंभराहून जास्त आहेत, शिवाय लॅटिन प्रार्थनांना चाली, शिवाय शंभराच्या वर सोनाटा, म्हणजे पियानोसारख्या वाद्यावर एकट्यानं वाजवायचे तुकडे. तो गेल्यावर मठातल्या एका भावानं, म्हणजे सोबतच्या साधूनं, त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की रात्री बारा-एकला खोलीत जायचा आणि पहाटे चार-पाचला उठून मिस्स सांगायला हजर. हे वाचताना मला आमच्या देवळातला जुना पुजारी आठवला, कधी झोपायचा देव जाणे.

सोनाटांचं सांगतो कारण तिथंच गोव्याचा धागा लागतो. दर वर्षी शरदात राजा दरबारासकट एस्कोरियालला मुक्कामाला यायचा, आणि दरबाराबरोबर यायचा दोमेनिको स्कार्लात्ती, इटलीचा, सोनाटांचा राजाच. हा स्कार्लात्ती तिथं कसा पोचला? तो आधी लिस्बनला पाचव्या जुआंव राजाच्या पदरी होता, तिथं राजकन्या मारिया बार्बरा हिला शिकवायचा, आणि १७२९ मधे तिचं लग्न स्पेनच्या युवराजाशी झालं तेव्हा मास्तरही तिच्या मागोमाग स्पेनला. आता हा पाचवा जुआंव म्हणजे १७०६ ते १७५० गोवा ज्याच्या नावानं चालत होता तोच. एकाच राजाच्या खजिन्यातून इथं व्हाइसरॉयला हुकूम सुटत होते आणि तिथं मुलीच्या शिकवणीवाल्याचा पगार. आणि त्या शिकवणीवाल्याचं चार-पाच वर्षांचं ज्ञान, स्कार्लात्ती १७५७ ला वारला, या मठातल्या तरुण साधूला मिळालं. कुठं काय उगवेल काही सांगता येत नाही. मुंबईत मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, तसलंच काहीतरी.

आता तो लेहरा. मी ऐकला तो तुकडा म्हणजे फांदांगो, हा स्पॅनिश लोकनाच. डाव्या हाताला दोनच सूरांचे गुच्छ आलटून पालटून, सरळ दहा-बारा मिनिटं, अजिबात हलत नाहीत, आणि त्याच्यावर उजवा हात काय काय करतो विचारू नका, आधी साधं, मग दुप्पट, मग आडवं, मग मधेच थांबून असं तिरकं की समेवर येईल का नाही याची धाकधूक. आमच्या गोव्यात लयीच्या बाबतीत खाप्रूमामा पर्वतकरांचं नाव काढलं की लोक कानाला हात लावतात, मला वाटलं मामा असते तर पहिल्या रांगेत बसून हातावर ताल मोजला असता. तो फांदांगो खरंच सोलेरचा का यावर जाणकारांत वाद आहे हे मला घरी आल्यावर कळलं. असू दे. त्याच्या सोनाटा तर त्याच्याच आहेत, त्यांतही गिटारची छेड, टाचा आपटल्यासारखे ठोके जागोजागी ऐकू येतात. साधू होता पण खिडकी उघडी ठेवून बसायचा असं माझं मत.

त्यानं १७६२ मधे एक पुस्तक छापलं, नावाचा अर्थ साधारण 'स्वरांतराची किल्ली'. आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की षड्ज जागचा हलत नाही, त्यांच्याकडे गाणं चालू असताना षड्जच घर बदलतो, आणि ते बदलताना कानाला धक्का बसू नये, लांबच्या घरी जायचं तरी चटकन आणि गोड जाता यावं, ते कसं, याच्या युक्त्या त्यात आहेत. झालं, जुनी मंडळी खवळली. मोन्दोन्येदोच्या चर्चचा संगीतप्रमुख रोएल देल रिओ यानं त्याच्यावर टीका छापली, सोलेरनं १७६५ मधे उलट उत्तर छापलं. आपल्या घराण्यांची भांडणं मैफिलीत आणि पानाच्या दुकानावर होतात, ह्यांनी छापून केली, म्हणून आपल्याला आज वाचता येतात, हा फरक. त्याच काळात इटलीतल्या बोलोन्याच्या पाद्री मार्तिनीशीही, हा तिकडचा नावाजलेला संगीतपंडित, त्याचा पत्रव्यवहार चालू होता. (फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला १७६३ ला. सांगितलं ना, खोड आहे.)

आणि एक गंमत. याच माणसानं १७७१ मधे कातालोनिया आणि कास्तिलच्या नाण्यांचा हिशेब कसा बसवायचा यावर अख्खं पुस्तक लिहिलं! साधूला नाण्यांशी काय करायचंय? पण आमच्या आजोबांच्या पिढीनं रुपया, शेराफी, मग एस्कुद, मग परत रुपया असा हिशेब केलेला आहे, त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, साधूच पाहिजे त्याला, साध्या माणसाचं डोकं फिरेल.

त्याचा शेवटच्या वर्षांतला शिष्य म्हणजे राजपुत्र गाब्रिएल, तिसऱ्या कार्लोसचा मुलगा. दोघांनी समोरासमोर बसून वाजवायला सोलेरनं दोन ऑर्गनसाठी सहा कॉन्चेर्तो, म्हणजे दोन वाद्यांनी एकमेकांना उत्तर देत वाजवायच्या रचना, लिहिल्या. गुरू-शिष्याची जुगलबंदी. ऐका यूट्यूबवर, छान आहेत. पुढं जातो.

आता ज्याच्यासाठी खरं पत्र लिहायला बसलो ते. सोलेर आपल्यापर्यंत आला कसा? जिवंतपणी त्याच्या सोनाटांचा गवगवा नव्हता, त्या छापल्याही नव्हत्या. झालं असं की फेब्रुवारी १७७२ मधे फिट्झविल्यम नावाचा एक तरुण इंग्रज लॉर्ड हिंडत हिंडत एस्कोरियालला आला, सोलेरला भेटला, आणि सोलेरनं त्याला २७ सोनाटांची हस्तलिखितं देऊन टाकली. लॉर्डसाहेब ती घेऊन लंडनला गेले, सोलेर वारल्यावर १७९६ च्या सुमारास ती छापली, आणि त्यांचा सगळा संग्रह पुढं केंब्रिजला गेला, तिथं त्यांच्याच नावाचं म्युझियम आहे. बाकीच्या सोनाटा सापडतात त्या बहुतेक दुसऱ्यांनी उतरवून घेतलेल्या नकला. कोणीतरी विद्यार्थ्यानं, कोणीतरी मठातल्या भावानं मेणबत्तीच्या उजेडात बसून वही उतरवली म्हणून आहेत. १८३० च्या दशकात स्पेनमधे मठ बंद करून साधूंना बाहेर काढलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, विसाव्या शतकात, त्याच एस्कोरियालमधे राहणारे सामुएल रुबियो हे ऑगस्टिनियन पाद्री त्या वह्या शोधत, जुळवत बसले, यादी केली, सोनाटांचे खंड काढले. आजही सोलेरच्या सोनाटेला जो नंबर असतो तो रुबियोंचाच.

आणि आपल्याकडे? गोव्यातले मठ बंद झाले १८३५ ला, जवळपास त्याच वेळी. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आपण पाहुण्यांना दाखवतो, फोटो काढतो. त्या मठातही साधू होते, तेही ठरलेल्या वेळेला गात होते, त्यांच्याही वह्या असणारच. छप्पर १८४२ ला कोसळलं, मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ ला. वह्यांचं कोण विचारतो.

पण मठ गेले तरी गावोगावच्या चर्चच्या शाळा राहिल्या, तिथले मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, राहिले. (आपण सुतारालाही मेस्त म्हणतो आणि पोरांना सोल्फ, म्हणजे सूर वाचायला, शिकवून हातात रबेक, म्हणजे व्हायोलिन, देणाऱ्यालाही, मला हे फार आवडतं.) या मेस्तांनी शिकवलेली पोरं मुंबईत गेली, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली, कारण त्यांना कागदावरचं वाचून वाजवता यायचं. सिनेमाची गाणी ऑर्केस्ट्रासाठी बांधून देणाऱ्या सेबॅस्टियन डिसोझांचं नाव तरी लोकांना माहीत आहे, गावातल्या मेस्तांचं तेही नाही. त्यांनी कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, गायचे मोतेत (भक्तिगीतं) लिहिले, लादाईनीच्या, म्हणजे एकत्र जमून गायच्या प्रार्थनेच्या, चाली बांधल्या, दुसऱ्या गावच्या मेस्ताची चांगली चाल दिसली तर उतरवून घेतली. ही सगळी वह्यांत आहेत. आणि वह्या कुठं आहेत? माझ्या त्या मित्राच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, पलंगाखाली. प्रोग्राम संपल्यावर मी सहज विचारलं तर म्हणाला आहेत ना, बघायच्या? गेलो. चार वह्या. एकीला वाळवी लागलीय, पानं उचलली की भुगा. दुसरी पावसाच्या ओलीनं चिकटून वीट झालीय. दोन बऱ्या आहेत, जांभळी शाई, कुठं कुठं समासात पोर्तुगीजमधे शेरा, एका पानावर चहाचा गोल डाग.

मराठी पेपरात हे कशाला असं काही जण म्हणतील. म्हणोत. आपल्याकडेही हेच दुखणं आहे, फक्त कागद वेगळा. भजनी बुवांनी हातानं लिहिलेल्या चोपड्या, नाटकाच्या पदांच्या वह्या, जत्रेतल्या नाटकांच्या नकला, त्याही पोटमाळ्यावर आहेत आणि चतुर्थीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात, मी स्वतः वडिलांची एक अशीच घालवली आहे, आता बोलून काय उपयोग.

तर विनंती दोन. एक, तुम्ही रविवारच्या पुरवणीत एक छोटी चौकट टाका, ज्यांच्या घरी मेस्ताची किंवा बुवाची वही आहे त्यांनी निदान मोबाइलवर पानापानाचे फोटो काढावेत, उजेडात, सावली न पडता, आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो सोडू नये कारण नाव आणि गाव तिथंच असतं. दोन, गोव्यात संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी दर सुट्टीत पाच विद्यार्थी पाच गावांत पाठवले तरी पुरे, सोलेरच्या वेळी एवढंच होतं, कोणीतरी बसून उतरवून घेतलं.

मित्राच्या दोन बऱ्या वह्यांचे फोटो आम्ही गेल्या रविवारी काढले, एकशे बारा पानं. वीट झालेली वही कशी सोडवायची ते तुमच्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर कळवावं, आम्ही अजून हात लावलेला नाही.

आपला,
एक पेटीवाला वाचक, फोंडा