उसवलेल्या टाक्यांबद्दल, बाईंस अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

दिव्यांची टॉप हॅट अखेर पूर्ण झाली. आपण ती मला दोनदा उसवायला लावलीत, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र आहे. ते अनावृत ठेवते आहे, कारण कापडात विद्युतमंडल शिवू पाहणाऱ्या आणखी कोणाला तरी आपल्या सांगण्याचा उपयोग होईल, असे मला मनापासून वाटते.

माझ्या डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर. त्यावरून साडेअठरा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून मी बकरम, म्हणजे टोपीला ताठपणा देणारे खळ लावलेले कापड, कापले होते. टोपी कपाळाला रुतत होती आणि कानांवर मात्र सैल होती. डोके गोल नसून लांबट असते, हे आपण टोपीच्या पट्टीची तार माझ्या डोक्याभोवती वळवून आणि तशीच कागदावर ठेवून दाखवलेत. त्या लंबगोलावरून नवा बेत काढला, तेव्हाच टोपी नीट बसली.

खरा पेच दिव्यांचा होता. लिया बीकली यांनी तयार केलेला लिलिपॅड आर्डुइनो, म्हणजे कापडावर शिवता येणारा, प्रोग्रामवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड, 2007 मध्ये बाजारात आला. त्याच्या कडेची भोके धाग्याने शिवण्यासाठीच असतात, म्हणून सगळे मंडल स्टीलच्या विद्युतवाहक धाग्यानेच शिवायचे असा माझा आग्रह होता. पट्टीवर 24 रंगीत एलईडी होते. असा एक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडाला सुमारे 60 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ दीड अँपिअर होतात, आणि माझ्या धाग्याचा रोध मल्टिमीटरवर मीटरमागे 30 ओहमच्या आसपास भरत होता. चकाकी चौथाईवर आणूनही पहिले पाच-सहा दिवे तेवढे उजळत. पुढचे तांबूस होत जात, कारण निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक व्होल्टेज लागते आणि ते धाग्यातच खर्च होत होते. शेवटचे तर लागतच नसत. आपल्याला ओहमचे गणित ठाऊक नव्हते, तरी आपण विचारलेत, "भरतकामात जाड दोरी कापडातून ओढतात का?" ती कापडावर नुसती ठेवतात आणि बारीक दोऱ्याने वरून बांधत जातात. मी तसेच केले: सिलिकॉनचे आवरण असलेली मऊ, अनेकपदरी तांब्याची तार पट्टीवर मांडली, साध्या सुती दोऱ्याने दर बोटभर अंतरावर बांधली आणि प्रत्येक दिव्यापाशी थोडी ढिली ठेवली, म्हणजे टोपी दाबली गेली तरी डाग दिलेले सांधे तुटणार नाहीत. स्टीलचा धागा फक्त दिव्यांना रंग कळवणाऱ्या संदेशाच्या वाटेवर राहिला, कारण तिथून विद्युतप्रवाह नगण्य जातो. या एका प्रश्नासाठी मी आपली कायमची ऋणी आहे.

दुसऱ्यांदा उसवावे लागले ते काठामुळे. दिवे मधूनच विझत होते आणि मी तीन संध्याकाळी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. आपण टोपी हातात घेऊन काठ डावीकडे वळवलात, सोडलात, पुन्हा वळवलात, आणि दिवे नेमके त्याच वेळी जातात हे माझ्या नजरेस आणून दिलेत. काठाला आकार देणाऱ्या तारेचे उघडे टोक बकरममधून वर येऊन स्टीलच्या धाग्याला टेकत होते. तिथले टाके उसवून टोकावर कापडाची टोपडी चढवली आणि वर उरेब पट्टी शिवली. त्यानंतर दिवे एकदाही विझले नाहीत.

बॅटरी आपण सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूला, खाली, स्वतंत्र खिशात आहे. त्यामुळे टोपी डोळ्यांवर घसरत नाही. लिथियम पॉलिमरच्या बॅटरीला सुई लागली तर आग लागू शकते, म्हणून शिवण्याआधी ती बाहेर काढायची, ही शिस्त मी पाळते.

अस्तराची मागची चार बोटे मी पक्की शिवलेली नाहीत. तिथे आपण शिकवलेले लांब कच्चे टाके आहेत, लाल दोऱ्याचे, म्हणजे एखादा सांधा सुटला तर कुठून उसवायचे ते शोधावे लागणार नाही.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी