बाल-संधिवात फक्त रक्तात मोजू नका

महोदय,

माझ्या ९ वर्षांच्या मुलीला संधिवात आहे. (हो, लहान मुलांनाही होतो.) तपासणीत ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी), सुजलेले सांधे सगळं बघतात. पण सकाळी बोटं आखडलेली असताना तिला डब्याचं झाकण उघडत नाही, पीटीच्या तासाला ती कोपऱ्यात बसते, हे कोण विचारतं? ‘सीएचएक्यू’ ही प्रश्नावली त्यासाठीच आहे: कपडे घालणं, जेवणं, चालणं, प्रत्येक काम किती जड जातं त्यानुसार ० ते ३ गुण. ‘पेड्सक्यूएल’ या दुसऱ्या प्रश्नावलीत तर शाळा, मैत्रिणी, भीती यांबद्दल मूल स्वतः सांगतं, पालकांचा फॉर्म वेगळा. ते बरंच, कारण मी ‘बरी आहे’ म्हणते तेव्हा ही गप्प असते. पुण्यातल्या बालरुग्ण विभागांनी अशी प्रश्नावली ओपीडीच्या रांगेतच मराठीत हातात द्यावी. तिथे तास-दीड तास जातोच.

– एक आई, कोथरूड, पुणे