मनू, नांगर टाकलास की कळव

मनू बाळा,

फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं म्हणून लिहितेय, आणि पत्रात तू मला मधे तोडू शकत नाहीस हाही एक फायदा. रोहन म्हणाला आई छोटं लिही, तिला बोटीवर एवढं वाचत बसायला वेळ नसतो. म्हटलं अमेरिकेच्या किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाने ताशी नऊ-दहा किलोमीटरने चाललीयेत दोघं नवराबायको, वेळच वेळ आहे.

मंगळवारचं एकदा बोलून टाकते. तुम्ही त्या अलिगेटर नदीत शिरलात, संध्याकाळचा मेसेज नाही, रात्रभर नाही, दुसऱ्या दिवशी आमची परत रात्र झाली तरी नाही. ॲपवर तुमचा ठिपका नदीच्या तोंडाशी थांबला तो थांबलाच. मग मी रोहनला फोन केला, त्याने नॉरफोकला कौस्तुभच्या मित्राला झोपेतून उठवलं, आणि तो बिचारा कोस्टगार्डला फोन लावणार तेवढ्यात तुझा फोटो आला, काय तर कालव्याच्या काठावरचं काळं अस्वल. तुला लाज वाटली म्हणालीस, असेल. मी ते अस्वल बघून स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग सगळ्यांना फॉरवर्ड केलं. पण सॉरी म्हणणार नाही.

रोहनने समजावलं मला. एआयएस म्हणजे बोट कुठे आहे ते रेडिओवर सांगणारं यंत्र, त्याचा सिग्नल किनाऱ्यावरच्या एखाद्या अँटेनाने पकडला तरच ॲपवर दिसतो, ठिपका थांबला म्हणजे बोट थांबली असं नसतं. एकदा तर तुम्ही चक्क जमिनीवर दिसत होतात. कळतं गं सगळं, पण पहाटे साडेतीनला नाही कळत. तुमच्याकडे घड्याळं मागे गेली तेव्हापासून साडेनऊ तासांचा फरक साडेदहा झाला, तुम्ही पाचला नांगर टाकता तेव्हा इथे साडेतीन वाजलेले असतात. त्यासाठी मुद्दाम जागी राहू नकोस म्हणतेस, पण मला जाग येतेच, आणि नंतर साडेचारला पाणी येतं.

आणि तो फ्लोट प्लॅनचा कागद. कुठून निघणार, कुठे थांबणार, बोटीचा रंग, लांबी, किती वाजेपर्यंत नाही पोचलो तर कुणाला फोन करायचा, सगळं लिहून तुम्ही मित्राला दिलंत. बरोबरच आहे, तो तिथे आहे. मी परळमध्ये बसून काय करणार. तरी एक कॉपी इकडे पाठवली असतीस तर काय बिघडलं असतं? अजून पाठव. बाबांना प्रिंट काढून हवीये, ते नकाशाशेजारी लावणार आहेत. हो, नकाशा लावलाय हॉलमध्ये, तुझ्या लग्नाचा फोटो काढून तिथे.

बाबा बोलत नाहीत पण तू रेडिओच्या चॅनल १३ वर त्या पूलवाल्याला पूल उघडायला सांगतेस तो व्हिडिओ त्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलाय. आवाज कसला ठाम लावलास गं. जोशीकाकूंनी विचारलं जावई चालवतो ना बोट, म्हटलं नाही, धक्क्याला मागे घेताना सुकाणू हिच्या हातात आणि तो दोरी धरतो. काकू गप्प. मीही शिकतेय हो. दक्षिणेला जाताना लाल खुणा उजव्या हाताला, हिरव्या डाव्या. स्थिर पूल बहुतेक ६५ फूट उंचीचे, फक्त मायामीजवळचा तो एक ५६ चा, म्हणजे शिडाची डोलकाठी आधी मोजून ठेवायची. कौस्तुभला विचार त्याने अँटेनासकट मोजलीये का. नॉरफोकपासून मायामीपर्यंत साधारण १०९० मैल, म्हणजे साडेसतराशे किलोमीटर, हे मी आता झोपेतही सांगेन.

तुमच्या त्या डिस्मल स्वॅम्पबद्दलही वाचलं. कोऱ्या चहासारखं पाणी आणि दोन्ही बाजूंनी झाडं, फोटो सुंदरच आलेत, पण १८०५ मध्ये सुरू झालेला तो कालवा गुलामांकडून खणून घेतला होता, त्या दलदलीत कमरेएवढ्या पाण्यात उभं करून. फोटोखाली तसं काही लिहिलं नव्हतंस, म्हणून सांगितलं.

पुढे कॅम्प लेज्यूनपाशी मरीन्सचा गोळीबाराचा सराव असला की जलमार्ग बंद ठेवतात म्हणे. तिथे थांबावं लागलं तर थांबलोय एवढं लिही. दोन शब्द. फोटो नको, अस्वल नको. आणि डेकवर जाताना लाइफ जाकीट, नांगर टाकलेला असला तरी, रात्री बाथरूमला म्हणून उठलीस तरी. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीची लाँच बुडाली तेव्हापासून गेटवेलासुद्धा जाकिटं घालायला लावतात. दादरच्या तलावात पोहायला शिकलीस म्हणजे सगळं येतं असं नाही, तिथे कपडे घालून, अंधारात, थंड पाण्यात कुणी शिकवत नाही. एकटी पुढे दोरी काढायला जाऊ नकोस, कौस्तुभला हाक मारून

बघ, सुरू झालं परत. सोड. तुम्ही दोघं शहाणे आहात, मला माहितीये.

जॉर्जियात मात्र जरा लक्ष दे, तिथे भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो आणि खाड्यांमध्ये गाळ साचून खोली बदलत राहते. आपल्याकडच्या उधाणाच्या मानाने काही नाही, पण तुमच्या बोटीचा तळ पाच फूट पाण्याखाली असतो. रेवसला आम्ही असेच बसलो होतो, मी लहान होते, ओहोटीत लाँच गाळात रुतली. जेट्टी समोर, माणसं दिसतायत, आणि लाँच हलेना. तांडेल बिडी ओढत बसला, म्हणे भरती आली की आपोआप निघेल. भाऊंनी आम्हाला शेंगा घेऊन दिल्या, मज्जा वाटली सगळ्यांना. घरी पोचलो तर काळोख झालेला आणि आजी ओटीवर उभी. तिने भाऊंच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या माणसाच्या. म्हणाली, कोळ्याच्या होडीतून निरोप धाडता येत नव्हता?

रामदास बोट तुला पाठ आहे. १७ जुलै १९४७, थोरले अण्णा गटारीला घरी यायला निघाले, भाऊच्या धक्क्यावरून सकाळची बोट, काशाच्या खडकापाशी कलंडली, सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, मुंबईला कळलं ते कुणी पोहत गेटवेला लागलं तेव्हा, मग गावाला कधी कळणार. आजी बुडण्याबद्दल बोलायचीच नाही. ती मधल्या वेळाबद्दल बोलायची. अण्णा पाण्यात होता तेव्हा मी वाटण वाटत होते गं, शेजारीण काहीतरी बोलली तर हसलेसुद्धा. म्हातारी झाली, माणसं ओळखेना, तरी हे वाक्य विसरली नाही.

तेव्हा मला भीती नक्की कसली वाटते हे तू मला परत विचारू नकोस. तुमचा मार्ग आतून जातो, हॅटेरसचं टोक बाहेरून घ्यायला लागत नाही, वादळांचा सीझन ३० नोव्हेंबरला संपतो, सगळं वाचलंय. मी जाऊ नका म्हणत नाहीये. नोकरी सोडलीत तेव्हाही म्हटलं नाही (तुझ्या सासूबाई म्हणाल्या, त्या म्हणतातच). मला फक्त तू ठीक नसताना इथे हसत बसायचं नाहीये.

म्हणून माझं एवढंच. जिथे रेंज जाणार हे आधी माहिती आहे तिथे निघतानाच लिही, उद्या संध्याकाळपर्यंत नाही, परवा आहे. मग मी परवापर्यंत कुणालाही उठवणार नाही. रोहनसमोर कबूल केलंय. परवा रात्रीचं मात्र कबूल केलेलं नाही.

कुळथाचं पीठ आणि भाजणी चार्ल्स्टनला तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवलीये, डबा घट्ट लाव, बोटीवर दमट असणार. कौस्तुभला मेतकूट वेगळं ठेवलंय.

बाबांचं एक राहिलं. बोटीवर तुम्ही गॅस वापरता ना, तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बोटीच्या तळाशी साचून राहतो म्हणतात. सिलिंडर आत ठेवता की बाहेर, आणि रात्री वरून बंद करता की नुसता शेगडीचा कॉक, ते विचारतायत. चार दिवस झाले विचारतायत. तेवढं लिही.

आई