आमचं सेंटर बंद करायला आलेल्या भाऊंना

भाऊ,

नाव लिहीत नाही तुमचं. तुमची नोकरी आहे, आणि मी पुढे जे लिहिणारे ते वाचून मुख्य कार्यालयात कुणाच्या तरी कपाळाला आठी पडेल आणि तुम्हाला उगाच बोलावून विचारतील की धुळ्याला जाऊन नेमकं काय करून आलात. पण आमच्याकडचे जे सभासद हे वाचतील, धुळे, जळगाव, नंदुरबारचे, त्यांना बरोबर कळेल कुणाबद्दल चाललंय, आणि त्यातलं कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

आभार मानायचेत. आता गंमत बघा, आभार कुणाचे, तर आमच्या इंजिनिअर लोकांच्या संस्थेचं धुळ्याचं सेंटर बंद करायला जो माणूस आला त्याचे! घरात हे वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला तुला वेड लागलंय, कुलूप लावणाऱ्याला कुणी थँक्यू म्हणतं का. मी म्हटलं कुलूप तर लागणारच होतं, वर ठरलेलं होतं, पण कुलूप लावण्यातसुद्धा फरक असतो ना राव.

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. सेंटर चालत नाही, सभासद येत नाहीत, खर्च निघत नाही, हे सगळं मला मान्य आहे, मी हिशोब समजणारी बाई आहे, रोज एस्टिमेट करते. व्याख्यानं मोबाईलवर आली, बांधकामाचे कोड, म्हणजे नियमांची पुस्तकं, डाउनलोड होतात, कोरोनानंतर तर हॉलमधल्या अर्ध्या खुर्च्यांची घडी कुणी उघडलीच नाही. बंद करा ना, पण सांगून करा. आम्हाला काय आलं, तर एक इंग्रजी ईमेल, त्यात सभासदांच्या अधिक चांगल्या सेवेसाठी वगैरे, आणि खाली एक ओळ की यापुढे नाशिकच्या सेंटरशी संपर्क साधावा. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे हो. तळोद्याच्या, शहाद्याच्या पोरांनी काय करायचं, एका संध्याकाळच्या लेक्चरसाठी दोन दिवस मोडायचे?

आणि आमची स्थानिक कमिटी! दरवर्षी 15 सप्टेंबरला, इंजिनिअर डेला, ही सगळी मंडळी हजर, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, शाल-श्रीफळ, पेपरात फोटो. भाषणात दरवेळी तेच, की विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या खान्देशात होते, पांझरा नदीवर त्यांनी पाइप सायफनचं, म्हणजे पाइपातून पाणी नदीपार नेण्याचं, काम केलं, आपण त्यांचे वारसदार. बरं. वारसदारांना बंदचा ईमेल आला त्या दिवसापासून एकाचाही फोन लागत नव्हता. एक मुलीकडे पुण्याला, एकाचं बीपी वाढलेलं, एक म्हणे मी तर राजीनामा आधीच दिलाय. बीपी खरंच वाढलं असेल तर लवकर बरं वाटो.

या सगळ्यात आबांना कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला आबा माहीत झाले, बाकीच्यांसाठी लिहिते. आबा म्हणजे आमच्या सेंटरचे शिपाई, वॉचमन, चहावाले, झाडूवाले, ग्रंथपाल, सगळं एकच माणूस. पगार किरकोळ खर्चाच्या खात्यातून, त्यामुळे कागदावर आबा कधी कर्मचारी नव्हतेच. मे महिन्यात साईटवरून तोंड लाल करून कुणी आलं की काही न विचारता माठातलं पाणी पुढे करायचे. मी नवीन लागले तेव्हा या हॉलमध्ये बाई म्हणून बहुतेक वेळा मी एकटीच असायचे, लेक्चर लांबलं की आबा बाहेर रिक्षा थांबवून ठेवायचे. त्यांना सेंटर बंद होतंय हे कळलं ते समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून.

आबांची सगळ्यात मोठी धास्ती काय होती माहितीये? नोकरी जाणार ही नाही, ती ते धरूनच चालले होते. धास्ती ही, की आता वरून साहेब येईल, सामान मोजेल, आणि काही कमी भरलं तर माझ्या डोक्यावर. ही भीती उगाच नव्हती. इतकी वर्षं त्यांच्याकडून सह्या घेण्याची पद्धत एकच, कागद पुढे सरकवायचा, बोट ठेवायचं, "आबा, इथे करा". व्हाउचर, पावत्या, कसली कसली हमीपत्रं, सगळं इंग्रजीत. आबा मराठी वाचतात, चष्मा लावून, सावकाश, पण वाचतात. इंग्रजी नाही येत. कुणाला पाच मिनिटं वेळ झाला नाही सांगायला की हे काय आहे.

मग तुम्ही आलात. लॅपटॉपची बॅग, पांढरा शर्ट, मला वाटलं झालं, आला कसाई. मी त्या दिवशी मुद्दाम आले होते भांडायला, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडे सामानाची छापील यादी होती, इंग्रजीत, कॉलम वगैरे पाडलेली. तुम्ही ती घेऊन आबांबरोबर अख्खं सेंटर फिरलात, ते ठीक, ते तर कुणीही केलं असतं. पण नंतर तुम्ही माझ्याकडे फुलस्केप मागितले, आणि बसून ती सगळी यादी हाताने मराठीत लिहून काढलीत. दोन प्रती. मी विचारलं कशाला, तर म्हणालात, "सही त्यांची आहे ना, मग त्यांना वाचता नको यायला?" बस, एवढंच. आणि मग बाहेर पायऱ्यांवर आबांच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवलीत, प्रत्येक ओळीनंतर थांबून. बरोबर आहे का आबा? पुढे जाऊ?

पंख्यांपाशी आबा म्हणाले, "पंखा आठ शेतस भाऊ, एक माळावर पडेल शे." तुम्हाला अहिराणी कळेना, तुम्ही माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं, आणि तुम्ही उठून माळ्यावर चढलात. धुळीने भरलेला पंखा स्वतः बघून आलात आणि सातचे आठ केलेत. आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला भाऊ. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेलं काहीतरी पहिल्यांदा कागदावर चढलं होतं.

आणि अँप्लिफायरची ओळ! ती तर मी फ्रेम करून लावीन. छापील यादीत अँप्लिफायर एक नग, जागेवर नाही. तुम्ही आबांना विचारलंत आणि त्यांनी जे सांगितलं तेच लिहिलंत, की मागच्या इंजिनिअर डेच्या कार्यक्रमानंतर कमिटीतल्या एका सदस्यांनी घरच्या कार्यक्रमासाठी नेला तो परत आला नाही, असे आबा सांगतात. खाली तुमची सही, आबांची सही, साक्षीदार म्हणून माझी. एक प्रत आबांकडे.

ही प्रत किती कामाला आली ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तर हे पत्र. तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी आबांना फोन आलाच, त्याच मंडळींपैकी एकाचा, आवाज चढवून, की साउंड सिस्टीमचं सामान कुठेय, तुमच्या ताब्यात होतं, भरून द्यावं लागेल. बीपी उतरलेलं दिसतंय. आबांनी चष्मा लावला आणि फोनवरच ती ओळ वाचून दाखवली, सावकाश, तारखेसकट. पलीकडून फोन कट. पुन्हा आला नाही. आबांनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की त्यांच्या सूनबाई बाहेर येऊन बघायला लागल्या काय झालं.

मी नंतर विचार करत होते की या माणसाला कुणी सांगितलं असेल असं करायला. कुणीच नाही. असल्या गोष्टी कुठल्या सर्क्युलरमध्ये नसतात. बँकेत एखादी क्लार्क असते, म्हातारीची स्लिप स्वतः भरते आणि वर विचारते आजी आकडा बरोबर ना. एसटीत एखादा कंडक्टर असतो, सुट्टे नसले तरी पोरीला खाली उतरवत नाही. यांना ना कुणी शाल देतं ना श्रीफळ, आणि सत्कार कुणाचा, तर अँप्लिफायर नेणाऱ्याचा. असो, भरकटले.

आणखी एक, ते हजेरी-रजिस्टर. व्याख्यानांची जुनी रजिस्टरं तुम्ही रद्दीच्या ढिगातून बाजूला काढून माझ्या हातात दिलीत, "यादीत नाहीत, तुम्ही ठेवा" म्हणालात. वाचतेय मी ती रात्री जेवण झाल्यावर. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतरच्या व्याख्यानाच्या पानावर सह्यांना जागा पुरली नाही म्हणून समासात सह्या केल्यात लोकांनी. एका पानावर पांझरेच्या फड पद्धतीवरचं, म्हणजे गावाने मिळून शेतांना पाणी वाटायच्या पद्धतीवरचं, भाषण आहे, पाटबंधारे खात्यातल्या एका रिटायर्ड साहेबांचं, आणि कुणीतरी पेन्सिलीने त्याचे मुद्दे लिहून ठेवलेत: बंधारा गावाचा, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं पीक एकच, पाणी कमी असेल तेव्हा कुठला फड पडीत ठेवायचा हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी हे चालवलं, आणि आम्ही शिकले-सवरलेले लोक एका हॉलचं पाणी तोडायचं ठरवताना ज्याचं शेत टोकाला आहे त्याला सांगतसुद्धा नाही.

या गावात इतिहासकार वि. का. राजवाडे वारले, 1926 साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचे दप्तरांचे गठ्ठे आजपर्यंत जपले लोकांनी. कागद जपणं आम्हाला नवीन नाही. म्हणून रजिस्टरांची काळजी करू नका, माझ्याकडे आहेत, वाळवी लागू देणार नाही. पुस्तकं एका पॉलिटेक्निकने नेली, काँक्रीटच्या कामाचा कोड, 1978 चा आयएस 456 सुद्धा, मी म्हटलं हा आता चालत नाही, 2000 चा वापरतात, तर तिथले सर म्हणाले पोरांना दाखवू की आधी काय होतं. चांगलं वाटलं.

आबांचं विचाराल तर बरे आहेत. एका मेडिकलच्या गोडाऊनवर रात्रपाळी मिळालीये, पगार थोडा जास्तच आहे. तिथे पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे कागद सरकवला तर म्हणे आबांनी विचारलं, "भाऊ, आधी वाची दखाडा." मालक चक्रावला, पण वाचून दाखवलं त्याने.

तुमचे आभार नेमके कोणत्या शब्दात मानायचे ते काही जमेना, दोनदा लिहून खोडलं, म्हणून जे घडलं तेच लिहिलं. थंडीत या. भरताची हिरवी वांगी तेव्हा चांगली मिळतात, काड्यांवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी, त्या दिवशी तुम्हाला नुसत्या चहावर पाठवलं ते मनाला लागून आहे. स्टँडवर उतरलात की फोन करा, आबा घ्यायला येतो म्हणतात, सायकलवर. मी गाडी पाठवीन, त्यांचं ऐकू नका.

तुमची,
धुळ्याची एक सभासद
(चालू वर्षाची वर्गणी भरलेली, आणि अजून परत न मिळालेली)