रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून

कोल्हापूर

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडत होतीस आणि घरात माणसं होती, म्हणून तेव्हा जास्त बोलता आलं नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला, एवढंच तो कागद सांगतो. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. ज्यांच्यात मुक्काम ठोकतो त्यांतल्याच काहींना पुढे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका, आणि त्यालाही सहसा १५-२० वर्षं लागतात.

'पॅप नॉर्मल आहे, मग पुढं कशाला जायचं?' असं तू म्हणालीस. अगं, पॅपमध्ये पेशी बिघडल्यात का ते बघतात, या चाचणीत विषाणूचा डीएनए शोधतात. तुझ्यात १६ नंबरचा प्रकार निघालाय. १६ आणि १८ हे दोनच प्रकार या कॅन्सरच्या १०० पैकी ७० केसेसच्या मुळाशी असतात. म्हणून पॅप चांगला असला तरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघणं, करायचीच. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा मिनिटभर लावतात, थोडं चुरचुरतं. बिघडलेला भाग पांढरट दिसतो. शंका आली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. एवढी वर्षं ओपीडीत मी हेच बघत आलेय.

आता तुला खरं जाळतंय ते. 'कुणाकडून आला?' हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. हा विषाणू संबंधांतून येतो खरा, पण वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, लग्नाच्या आधीपासूनचाही असू शकतो, तुझ्याकडचा किंवा त्यांच्याकडचा. यात कुणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही. जावईबापूंना हे पत्र खुशाल दाखव. पण लपवू नकोस. राधानगरीकडच्या एका बाईनं नवऱ्याच्या भीतीनं रिपोर्ट घडी करून बटव्यात घातला तो घातलाच. परत आली तेव्हा अंगावरून रक्त जात होतं. माझ्या डोळ्यांपुढून ती हलत नाही.

आणि ही चाचणी म्हणजे शहरी फॅड नव्हे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली तो छापून आला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

पाळी संपली की लगेच तारीख घे. आधी दोन दिवस संबंध नकोत, आत कुठलं औषधही नको. पुण्यात अवघडल्यासारखं होत असेल तर इकडं ये, मी टेबलाशेजारी उभी राहीन.

तुझी,
आई

ता. क. ईशू दहाची झाली. ९ ते १४ वयात या विषाणूची लस सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा देतात. आपल्या पुण्याच्या सीरमचीही आहे. तुझ्या धावपळीत तिचं राहून जाऊ देऊ नकोस.