बंडूच्या नाकाची बाजू घेणाऱ्या प्रशिक्षकांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्याला एकट्याला पाठवता आले असते आणि आपल्या स्वभावाला तेच अधिक रुचले असते, याची मला कल्पना आहे. तरीही ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आमच्या बंडूसारखा बीगल किंवा त्याच्या कुळातला एखादा शिकारी जातीचा कुत्रा ज्यांच्या घरी असतो, त्यांना बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात: ‘ही जात हट्टीच असते, नाद सोडा’, नाही तर ‘जरा कडक राहा, आपोआप सरळ येईल’. आपण यांपैकी एकही सल्ला दिला नाहीत. जो दिलात, तो आमच्या घरापुरता राहू नये असे मला मनापासून वाटते.

पहिल्या भेटीत आपण बंडूला बसायला, थांबायला किंवा पंजा द्यायला सांगितलेच नाही. तो काय आणि कोणत्या क्रमाने हुंगतो हे बराच वेळ पाहत राहिलात आणि मग आम्हालाच विचारलेत, की ज्या कामासाठी ही जात घडवली गेली, त्या कामात माणूस कुठे असतो? आम्हाला उत्तर सुचले नाही. बीगल ही इंग्लंडमध्ये रानसशांच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. ही कुत्री कळपाने मागावर धावत आणि शिकारी त्यांच्या मागून, पुष्कळदा पायीच, येत. माग कुठे वळला, कुठे तुटला, पुन्हा कुठे सापडला हे सगळे कुत्र्यांनीच ठरवायचे आणि आपण कुठवर आलो आहोत ते लांब सूर काढून मागच्यांना कळवायचे. मेंढ्या वळवणारा किंवा पाडलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा पुन्हापुन्हा माणसाकडे पाहतो, कारण त्याचे काम माणसाच्या इशाऱ्यावर चालते. बीगल प्रत्येक वळणावर असा धन्याकडे पाहत राहिला असता, तर ससा केव्हाच पसार झाला असता. एसेक्समधील फिलिप हनीवुड या धर्मगुरूंनी १८३० च्या दशकात बाळगलेल्या कळपाकडे आजच्या बीगलचे मूळ शोधले जाते. तेव्हापासून पैदाशीसाठी पिढ्यानपिढ्या निवडली गेली ती कोणाला न विचारता मागाला चिकटून राहणारी कुत्री. ‘ज्याला तुम्ही हट्ट म्हणता, तो पाहूनच याच्या पणजोबाला पसंत केले होते,’ हे आपले वाक्य आमच्या घरात आता ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि ते नेहमी बंडूलाच उद्देशून वापरले जाते असेही नाही.

त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाने, थोड्या खोडसाळपणानेच, कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेची ती प्रसिद्ध क्रमवारी आपल्यापुढे धरली होती. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली मांडलेल्या त्या यादीत बीगल अगदी तळाच्या गटात आहे. आपण रागावला नाहीत. त्याच गटात आणखी किती शिकारी कुत्री आहेत ती त्याला मोठ्याने वाचायला लावलीत. बॅसेट हाउंड, ब्लडहाउंड, बोर्झॉय, बसेंजी, अफगाण हाउंड अशी नावे येत गेली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. ती यादी आज्ञापालनाच्या स्पर्धांमधील परीक्षकांच्या मतांवर आधारलेली आहे. नवी आज्ञा कुत्रा किती लवकर शिकतो आणि पहिल्याच हुकमाला किती वेळा ऐकतो, एवढेच तीत पाहिले आहे; कोणी न सांगता तो काय करू शकतो, याला तीत गुणच नाहीत. मग आपण जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांची हकिगत सांगितलीत. त्यांनी एक एकराच्या शेतात उंदीर सोडून निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांना तो शोधायला लावले, तेव्हा बीगलना मिनिटभरही लागले नाही, फॉक्स टेरियरना पंधरा मिनिटे लागली आणि स्कॉटिश टेरियरना तो सापडलाच नाही. भावाने त्यानंतर यादी पुन्हा काढलेली नाही.

नाकाविषयी आम्हाला जुजबी माहिती होती, पण तिचा रोजच्या फिरण्याशी संबंध आपण जोडून दिलात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, तर बीगलच्या नाकात वीस कोटींहून अधिक असल्याचे मानले जाते. शिवाय कुत्रा हुंगताना सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून मागच्या दिशेला जाते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. असे नाक लाभलेल्या प्राण्याला फिरायला नेऊन हुंगू द्यायचे नाही, यात काय हशील आहे? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातील फळे आणि मांस हुडकण्यासाठी बीगलच नेमले. आमच्याकडे पाहुण्यांच्या पिशव्यांची तपासणी बंडू विनावेतन करतो.

आता मुख्य मुद्दा हाकेचा, कारण आपले सर्वांत मोठे ऋण तेच आहे. घरात बंडू पहिल्या हाकेला येत असे. बाहेर एकदा वास लागला की खाऊ नाकाजवळ धरला तरी त्याचे तिकडे लक्ष जात नसे. आपण तेव्हा ज्या दोन अभ्यासांचा उल्लेख केलात, ते मी नंतर शोधून वाचले. केलर आणि मॅरियन ब्रेलँड या दाम्पत्याने मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे धडे घेतले आणि बक्षिसाच्या पद्धतीने हजारो प्राण्यांना कामे शिकवली. १९६१ साली त्यांनीच मोकळेपणाने लिहिले, की शिकवलेले काम पक्के झाल्यानंतरही काही प्राणी आपल्या मूळ प्रवृत्तीकडे घसरत जातात: पेटीत नाणी टाकायला शिकलेले रॅकून ती नाणी एकमेकांवर घासत बसले आणि लाकडी नाणी उचलून न्यायला शिकलेली डुकरे ती वाटेतच टाकून नाकाने उकरू लागली, तेही त्यापायी खाणे उशिरा मिळत असताना. आयुष्य या विद्येत घालवलेल्या माणसांनाही डुकराचे नाक आवरता आले नाही, हे वाचून मला किती हायसे वाटले ते काय सांगू! दुसरे नाव मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांचे. प्राण्याला जे करण्याची ओढ अधिक, तेच त्याच्या कमी ओढीच्या कृतीचे बक्षीस होऊ शकते, असे त्यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. आपण हे तत्त्व बंडूला लावलेत: वासाशी स्पर्धा करण्याऐवजी वासच बक्षीस म्हणून द्यायचा.

ही पद्धत इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुमारे दहा मीटरची लांब दोरी घ्यायची आणि ती मानेच्या पट्ट्याला न बांधता पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला अडकवायची, म्हणजे कुत्रा भरधाव निघाला तरी झटका मानेला बसत नाही. माणसाने हातमोजे घालायचे. कुत्र्याचे नाक जमिनीला चिकटून तो मागावर सरसर पुढे जात असताना त्याला हाक मारायचीच नाही. माग संपला, डोके वर उचलले, क्षणभर कान हलले की तेव्हा एकदाच, आनंदी आवाजात हाक मारायची. तो वळला की लगेच शाबासकी, पायाशी पोहोचला की खाऊ, आणि तो खाऊन होतो न होतो तोच ‘जा, शोध’ म्हणून जिथून बोलावले त्याच वासाकडे परत पाठवायचे. आईला हा शेवटचा भाग अजिबात पटला नव्हता. आलेल्या कुत्र्याला पुन्हा का पाठवायचे, असे तिचे म्हणणे होते. परंतु त्यातच खरी मेख होती. बंडूच्या अनुभवात तोवर हाकेचा अर्थ ‘मजा संपली, पट्टा लागला, चला घरी’ असा होता. आता हाकेनंतर मजा दुप्पट होते, असा त्याचा हिशेब बसू लागला. घरी न्यायचे असेल तेव्हा हाक न मारता शांतपणे जवळ जाऊन दोरी हातात घ्यायची, म्हणजे हाकेची पत टिकते. प्रत्येक नवा टप्पा आधी ओळखीच्या, कमी वासांच्या जागी आणि नंतर गवत, झुडपे, इतर प्राण्यांचे माग असलेल्या जागी, हा क्रम आपण आम्हाला मोडू दिला नाहीत.

मधल्या काळात बंडू आठ-नऊ महिन्यांचा झाला आणि शिकलेले सगळे विसरल्यासारखा वागू लागला. आईला त्याहून जास्त लागले ते हे, की आपण आलात की तो शहाण्यासारखा वागे आणि तिच्याकडे मात्र पाठ फिरवी. लुसी अॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली नेमके हेच नोंदवले आहे, असे आपण तिला सांगितलेत: आठव्या महिन्याच्या आसपास कुत्री आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकतात, परक्याचे मात्र ऐकतात, आणि हा काळ पुढे सरतो. पौगंडावस्था म्हटल्यावर आईने आम्हा दोघा भावंडांकडे ज्या नजरेने पाहिले, ती आपल्याला आठवत असेलच.

घरातल्या खेळांबद्दल थोडक्यात लिहिते. जेवणातला काही भाग वाडग्यात न देता गवतात विखुरणे, खोक्यांत लपवणे, खाऊची पिशवी जमिनीवरून ओढत नेऊन माग तयार करणे, हे सारे आता आमच्या नित्यक्रमात आहे. बीगलचे वजन झपाट्याने वाढते, म्हणून खेळात दिलेले वाडग्यातून वजा करायचे, हा आपला दंडक वडील काटेकोर पाळतात. शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री, अनिश्चित ठिकाणी ठेवलेल्या वाडग्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेली, म्हणजे तिथे खाऊ असेल अशी आशा त्यांना अधिक वाटली. माणसाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांत तसा बदल दिसला नाही. बंडूची आशा आधीपासूनच दांडगी असल्यामुळे ती वाढली की नाही ते सांगता येणार नाही. पण संध्याकाळचे त्याचे येरझाऱ्या घालणे आणि दाराशी लांब सूर लावणे पुष्कळ कमी झाले. पळवलेला मोजा हिसकावून न घेता त्याच्या बदल्यात काहीतरी देण्याची युक्तीही आपलीच. आता तो मोजे स्वतःहून आणून सौदा करू पाहतो, हा तिचा एक अनपेक्षित परिणाम.

आपल्याआधी एका प्रशिक्षकाने आम्हाला आवळणारी साखळी आणि झटके सुचवले होते. त्यांच्याबद्दल मला फार लिहायचे नाही. आपण मात्र त्यांना नावे न ठेवता कारण सांगितलेत: मागावरच्या कुत्र्याला झटका बसला, तर तो त्याचा संबंध आपल्या चुकीशी जोडेल याची खात्री नसते, त्या क्षणी समोर दिसलेल्या माणसाशी किंवा कुत्र्याशीही तो जोडू शकतो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे आणि कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची वाढ अधिक आढळली होती. आपण तो अभ्यास वाचायला दिलात आणि निर्णय आमच्यावर सोपवलात.

आपले मला सर्वांत पटलेले वैशिष्ट्य हे, की आपण कधीही अवास्तव भरवसा दिला नाहीत. रहदारीजवळ किंवा कुंपण नसलेल्या जागी बंडूला मोकळे सोडता येईल, असे आपण आजवर म्हटलेले नाही, आणि हाक कितीही पक्की झाली तरी दोरी राहीलच, हे पहिल्याच महिन्यात स्पष्ट केलेत. कुंपण वरून पाहू नका, खालून पाहा, कारण हा उडी मारण्याआधी उकरेल, हे सांगितलेत आणि आठवड्याच्या आत ते खरे ठरले. एका बाबतीत मात्र आपले-माझे अजूनही जमत नाही. हाकेऐवजी शिट्टी वापरावी, कारण तिचा सूर माणसाच्या मनःस्थितीनुसार बदलत नाही, हा आपला आग्रह तर्काला धरून आहे. तरी माझ्या आवाजाला येणारा कुत्रा मला अधिक आवडतो, आणि शिट्टी खुंटीला टांगलेली आहे. पुढच्या भेटीत आपण तिच्याकडे पाहाल आणि काही बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे.

वडिलांसाठी आपण मोठ्या अक्षरांत जो कागद लिहून दिलात, त्याबद्दल वेगळे आभार. ‘ये’, ‘शोध’ आणि ‘सोड’ हे तीनच शब्द, आणि घरातल्या प्रत्येकाने तेच वापरायचे, अशी त्यावर सूचना होती. गुडघ्यांमुळे वडील भरभर चालू शकत नाहीत, म्हणून बंडूला बाहेर नेणे आपल्याला झेपणार नाही असे त्यांना वाटत होते. फिरण्याचे मोजमाप अंतराने न करता हुंगण्याच्या वेळाने करा, हे आपण त्यांना पटवलेत, आणि सकाळची फेरी आता त्यांचीच आहे. दोघे मिळून एका झाडापाशी जितका वेळ काढतात, तितक्यात माझी सगळी फेरी होते.

आणखी काही महिने शिकवणी चालू ठेवावी असे आम्ही सुचवले होते, त्याची तयारीही केली होती. आपणच नकार दिलात. याला आता माझी गरज नाही, तुम्हाला सवय झाली आहे एवढेच, असे सांगून पुढचे शुल्क घेतले नाहीत आणि काही अडले तर फोन करा म्हणालात. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक फोनला आपण उत्तर दिलेत, अगदी बंडूने रात्री उशीचा अभ्रा फाडला तेव्हाही. त्या सर्व वेळेबद्दल आम्ही सगळे आपले मनःपूर्वक ऋणी आहोत.

आपली नम्र,
बंडूच्या घरातील थोरली