नक्कल तयार झाली, तरी दिवस मोजलेच जातात

महोदय,

निकाल विरुद्ध गेला की बेळगाव, खानापूरकडे पहिले वाक्य ठरलेले: ‘धारवाडला जाऊ.’ पण सगळीच अपिले कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जात नाहीत. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर अपील सत्र न्यायालयात, मुदत 30 दिवस. सत्र न्यायाधीशांनी दिली तर उच्च न्यायालयात, 60 दिवस. कुटुंब न्यायालयाच्या घटस्फोटाच्या निकालावर उच्च न्यायालयात, कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे 30 दिवस, आणि ऐकायला दोन न्यायमूर्ती. त्याच न्यायालयाच्या पोटगीच्या आदेशावर (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 144) मात्र अपील नाहीच, फक्त पुनरीक्षण. तिथे सहसा साक्षीपुरावा नव्याने तोलत नाहीत. आदेश कायद्याला धरून आहे का, एवढेच पाहतात.

खरा घोळ नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीचा. प्रमाणित प्रतीसाठी लागणारा वेळ मुदतीतून वगळतात; पण अर्ज करण्याआधी घालवलेले दिवस वगळत नाहीत, आणि प्रत तयार होऊन खिडकीवर पडून राहिली तर तेही नाहीत. म्हणून अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. प्रतीवरचे अर्जाची आणि ती तयार झाल्याची तारीख दाखवणारे शिक्के तपासून घ्यावेत. उशीर झालाच तर विलंबमाफीच्या अर्जात कारण कागदांसह द्यावे लागते. नुसते ‘आजारी होतो’ चालत नाही.

अपील किंवा पुनरीक्षण दाखल झाले म्हणून पोटगी थांबत नाही, शिक्षाही नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा. धनादेश न वटल्याच्या खटल्यात तर अपील न्यायालय दंड किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम आधी भरायला सांगू शकते. तेवढी तजवीज करूनच निघावे.

– एक वकील, बेळगाव